पालकांची सही

तो शिक्का मी स्वतः करून घेतला होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर घरच्या बाहेरच्या खोलीत शिकवण्या सुरू केल्या, आणि मुलांच्या वह्यांमध्ये तेच ते वाक्य लिहून बोटं दुखायला लागली, तेव्हा शिक्केवाल्याकडे जाऊन ते रबरावर कोरून आणलं. 'नक्कल आढळली. पालकांची सही आणावी.' खाली सहीसाठी एक रेघ. शिक्केवाला म्हणाला, "बाई, शाबासकीचाही एक करून देऊ का?" मी म्हटलं, त्याची फारशी गरज पडत नाही. तो हसला आणि मीही स्वतःवर खूश होऊन घरी आले.

त्या शिक्क्याने मी माझ्या सख्ख्या भावाची वही छापली. भाऊ सदुसष्ट वर्षांचा. आमचे आईवडील जाऊन वीस-बावीस वर्षं झाली.

दादा पत्र्याचं काम करतो. नरसाळी, पाण्याच्या टाक्या, बेकरीचे ट्रे, खानावळींमधला धूर बाहेर काढणारे मोठाले नळ. सोळाव्या वर्षी तो त्या दुकानात शिकायला गेला आणि पुढे दुकान त्याचंच झालं. पन्नास वर्षं पत्रा ठोकून त्याचे कान गेले आहेत. कानाचं यंत्र आहे, पण ते खणात पडलेलं असतं. त्याचं म्हणणं, त्यातून माणसं कमी आणि पत्राच जास्त ऐकू येतो. त्याच्याशी बोलायचं म्हणजे तोंडासमोर उभं राहून ओरडायचं, नाहीतर कागदावर लिहून द्यायचं.

वर्षभरापूर्वी एका सकाळी तो माझ्याकडे आला. काखेत शाळेच्या शेवटच्या वर्गाचं गणिताचं पुस्तक, रद्दीवाल्याकडून आणलेलं, कोपरे कुरतडलेलं. ते टेबलावर ठेवून म्हणाला, "चिमे, हे मला शिकव."

चिमी म्हणजे मी. बासष्टाव्या वर्षी मला या नावाने हाक मारणारा जगात तो एकटाच उरला आहे.

"परीक्षेला बसतोयस की काय?" मी ओरडले.

"नाही."

"मग कशाला?"

"कशाला म्हणजे? कळायला हवं ना." तो खुर्चीत बसला. "पन्नास वर्षं पत्रा कापतोय. आकार बरोबर येतो. पण का येतो ते मला माहीत नाही. हात करतो, मी नुसता बघतो. मरायच्या आधी कळलं तर बरं, एवढंच."

मला हसू आलं. तोंडावर हसले नाही, पण आतून आलंच. माझ्या लेखी शिकणं म्हणजे वेळापत्रक, चाचणी, निकाल. परीक्षा नाही, गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही, मग माणूस शिकतो तरी कशासाठी? म्हातारपणी कुणाला बागकामाचं वेड लागतं, कुणाला पत्त्यांचं. याला हे लागलं, असं मी धरून चालले. तरी हो म्हटलं. मोठा भाऊ आहे, नाही कसं म्हणणार?

वर्गात बसून त्याला काही ऐकू येणार नव्हतं. म्हणून आम्ही पद्धत ठरवली. शनिवारी तो वही माझ्याकडच्या मुलांच्या वह्यांच्या ढिगावर ठेवून जाणार, मी त्यांच्याबरोबर ती तपासणार आणि सोमवारी तो घेऊन जाणार. बोलणं काय ते वहीतच. वहीला त्याने मुलांसारखंच खाकी कव्हर घातलं होतं आणि वर चिकटपट्टीही लावली होती. नाव, विषय, सगळं सुवाच्य. इयत्तेच्या जागी फक्त एक आडवी रेघ.

सुरुवातीचे महिने छान गेले. पुस्तकाच्या आधी पाया म्हणून अपूर्णांक झाले, दशांश झाले. चुका करायचा, पण एकदा केलेली चूक पुन्हा नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांबद्दल असं म्हणता यायचं नाही. मी समासात 'छान' लिहायचे आणि पुढच्या वहीकडे वळायचे.

मग ऋण संख्या आल्या आणि दादाने प्रश्न विचारायला सुरुवात केली. 'उणे गुणिले उणे अधिक होतं. का?' आणि त्याखाली, 'सूत्र नको. का होतं ते लिही.'

मी लिहिलं, 'तसा नियम आहे.'

पुढच्या शनिवारी त्याच्या खालच्या ओळीत, 'नियम कुणी केला? त्याला असं का वाटलं असेल?'

त्या प्रश्नापुढे मी पेन घेऊन बराच वेळ बसले. मला येत नव्हतं. पदवीला पहिला वर्ग, शाळेत दोनदा आदर्श शिक्षिकेचा मान, हजारो मुलांना हा नियम फळ्यावर लिहून दिला, आणि तो तसा का आहे हे साध्या भाषेत सांगायची वेळ आली तर माझ्याकडे दोन ओळी नव्हत्या. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं असं नाही. विचारणाऱ्याला मी खाली बसवलं होतं. दादाला खाली बसवता येईना, म्हणून मी लिहिलं, 'पुढे चला.'

तो मुकाट्याने पुढे गेला. पण तेव्हापासून शनिवारी ढिगावर ते कव्हर दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. आता याचं काय नवीन? असं वाटायचं. हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

आणि मग तो रविवार आला. दुपारी जेवून एकतीस वह्या तपासायला बसले होते. त्यातल्या सहा वह्यांत एकच चूक, एकाच ओळीत, खाडाखोडीसकट. एकाने केलं आणि पाचांनी उतरवलं. माझं डोकं फिरलं. शाईची डबी उघडली आणि शिक्का मारत सुटले. एक, दोन, तीन. सहा झाल्यावर पुढची वही उघडली.

त्यात बादलीचं गणित होतं. वरच्या तोंडाची त्रिज्या वीस, तळाची आठ, उभी उंची सोळा. बाजूच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढा. हा धडा पुस्तकाच्या अगदी शेवटचा. खाली एकच ओळ होती:

८७.९२ × २० = १७५८.४

सूत्र नाही, किमती घातलेल्या नाहीत, एकही पायरी नाही. आणि उत्तर बरोबर. आयुष्यभर मी मुलांना एकच सांगत आले, पायऱ्या नाहीत तर गुण नाहीत. नुसतं उत्तर कुणीही पुस्तकाच्या मागच्या पानावरून उचलतो. मी समासात लाल शाईने पूज्य काढलं, त्याखाली शिक्का मारला आणि वही बाजूला टाकली.

सोमवारी दादा वही घेऊन गेला. मी वर्ग घेत होते, त्याने दारातून हात हलवला, मी मान डोलावली.

गुरुवारी सकाळी वहिनी आल्या. वहिनी शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणं करतात, अजूनही. कामावर जाता जाता आल्या होत्या, पदराला दोरे चिकटलेले. एरवी दारातूनच "वन्सं, चहा टाका" म्हणून आत येणारी बाई. त्या दिवशी उंबऱ्याच्या आत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, सही आणलीये."

मला काही कळेना. त्यांनी पिशवीतून वही काढून शिक्क्याचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. शिक्क्याखालच्या रेघेवर निळ्या शाईत वहिनींची सही होती. पूर्ण नाव, एकेक अक्षर जपून काढलेलं.

"आईवडील तर नाहीत त्यांचे," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं घरात जबाबदार माणूस कोण, तर मीच. समज दिलीये मी त्यांना. पुन्हा असं करायचे नाहीत."

चेहऱ्यावर हसू औषधालाही नव्हतं.

"अहो वहिनी," मी म्हटलं, "मुलांच्या ढिगात आली ती वही. कुणाची ते मी बघितलंच नाही. एकामागून एक शिक्के मारत होते, त्यात चुकून..."

"असं होय," वहिनी म्हणाल्या आणि पिशवीतून ते रद्दीवाल्याचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "उत्तर बघून लिहिलं म्हणता ना? उत्तरांचं पान मला दाखवा."

मी पुस्तक मागून उघडलं. शेवटचं पान एकशे अठ्ठ्याऐंशी होतं, तेही एका उदाहरणाच्या मध्येच संपत होतं. पुढची पानं नव्हतीच. बांधणीला वाळलेला गोंद आणि फाटलेल्या कागदाची दातरं तेवढी उरली होती.

"आणलं तेव्हापासून असंच आहे," वहिनी म्हणाल्या. "उत्तरं असती तर दर आठवड्याला तुमच्या दारात कशाला आले असते?"

मी पुस्तक मिटलं. खुर्ची पुढे सरकवून "बसा तरी" म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

"हे दुसऱ्यांदा झालं," त्या म्हणाल्या.

"काय दुसऱ्यांदा?"

वहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं. आधी त्यांना वाटलं असावं की मी वेड पांघरतेय. मग त्यांच्या लक्षात आलं की मला खरंच आठवत नाहीये, आणि तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. राग होता तोवर बरं होतं.

"लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं त्यांनी मला. सोळा वर्षांचे होते. शाळेतून चिठ्ठी आली, गणितात नक्कल केली म्हणून. मामंजींना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी वही तुमच्यापुढे टाकली. घरात हुशार तुम्ही, अकरा वर्षांच्या. म्हणाले, तू सांग पोरी, हे त्याचं त्याने केलंय का. तुम्ही पानं चाळलीत आणि म्हणालात, नाही बाबा, पायऱ्याच नाहीत, बघून लिहिलंय." वहिनींनी पिशवी खांद्याला लावली. "पुढच्या सोमवारी हे पत्र्याच्या दुकानात होते."

जाताना त्या दारात थांबल्या. "घरातलं ते लिहायचं टेबल त्यांनी आवरून ठेवलंय. वही टाकून दे म्हणाले. मी टाकली नाही. तुमच्याकडे राहू द्या."

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. पन्नास वर्षं मी लोकांना सांगत आले होते की आमच्या दादाला शाळेची गोडीच नव्हती. शिक्षकांच्या खोलीत हे उदाहरण म्हणून द्यायचे. एकाच घरातली दोन मुलं बघा, एक शिकलं, एकाने नाही मनावर घेतलं. मला ते खरंच वाटत होतं. आणि आता वहिनींनी सांगितल्यावर एकेक वर यायला लागलं. बाबांचा तळहात वहीवर टेकलेला. दादा दारात उभा, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. आणि मला किती अभिमान वाटला होता, बाबांनी मोठ्या भावाबद्दल मला विचारलं म्हणून. तो अभिमान मला आठवला. आपण त्याचं काय केलं हे विसरले आणि आपल्याला कसं वाटलं ते जपून ठेवलं.

आता खरं सांगते, कारण इथवर आल्यावर खोटं बोलण्यात काही अर्थ नाही. वहिनींना मी थाप मारली होती. वही कुणाची ते मला माहीत होतं. दादा सातचा आकडा काढताना शेवटी शेपूट वळवतो, तसा दुसरा कुणी काढत नाही. ती ओळ बघता क्षणीच मी ओळखलं, आणि शिक्का हातात असताना मला क्षणभर बरं वाटलं. सापडलास, असं वाटलं. मला न येणारे प्रश्न विचारणारा माणूस शेवटी मागचं पान बघणारा निघाला, म्हणजे ते प्रश्नही काही फार मनावर घ्यायला नकोत. मला तो चोर ठरायला हवा होता. पहिल्या वेळी मी अकरा वर्षांची होते. या वेळी मला कुठली सबब आहे?

संध्याकाळी मुलं आली तेव्हा त्यांना सांगितलं, आज सुट्टी. त्यांचा विश्वास बसेना. एकीने तर विचारलं, "बाई, बरं वाटत नाहीये का?" त्यांना पिटाळलं आणि दादाची ती ओळ घेऊन बसले.

वीस म्हणजे बादलीची तिरकस उंची, ते ठीक. पण ८७.९२ कुठून आलं? मी त्याला ३.१४ ने भागून पाहिलं. अठ्ठावीस आले. अठ्ठावीस व्यास म्हणजे त्रिज्या चौदा. या गणितात चौदा कुठेच नाही. वीस आहे, आठ आहे, सोळा आहे. बराच वेळ मी त्या चौदाकडे बघत राहिले. मग न्हाणीघरात जाऊन बादली आणली. होय, बासष्ट वर्षांची गणिताची बाई टेबलावर बादली ठेवून बसली. वरचं तोंड वीस, तळ आठ, आणि बरोबर मध्यावर चौदा. दादाने बादलीच्या कमरेला पट्टा बांधला होता. मधला घेर घ्यायचा, तिरकस उंचीने गुणायचं, पत्रा मिळाला. वरचा भाग जितका जास्त, तितकाच खालचा कमी. संपलं.

जे सूत्र मी चौतीस वर्षं पाठ करून घेत होते ते हेच होतं. 'पाठ करा, परीक्षेत हमखास येतं' म्हणून फळ्यावर चौकटीत लिहायचे. त्या चौकटीत एका बादलीचा कमरपट्टा आहे हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

आणि वीस कसे आले? वहीचं शेवटचं पान उघडलं तर तिथे पेन्सिलीने खऱ्या मापाचा त्रिकोण काढलेला होता. आडवी बाजू बारा, उभी सोळा, आणि तिरक्या बाजूला पट्टी लावून शेजारी लिहिलेलं, '२० भरली.' त्याखाली बारीक अक्षरात, 'दोनदा मोजली.' पायऱ्या होत्या. मी पान उलटलं नव्हतं.

लाज वाटली, ती वाटायलाच हवी होती. पण नुसती लाज नव्हती. मला त्याचा हेवाही वाटला. सदुसष्टाव्या वर्षी तो माणूस एक गोष्ट स्वतः शोधून काढतो आणि मी शेवटची नवीन गोष्ट कधी शिकले ते मला आठवेना. पदवी हातात आली त्या दिवशी मी दुकान मांडलं, आणि तेव्हापासून जुनाच माल विकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दुकानी गेले. गल्ली अरुंद, एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला सायकलींचं दुकान. दादाच्या दुकानात भिंतीला टेकून पत्रे उभे, जमिनीवर कातरलेल्या पट्ट्यांची भेंडोळी. तो एका नळाची कड लाकडी मोगरीने वळवत होता. मला पाहून थांबला, स्टूल ओढलं आणि फडक्याने दोनदा पुसलं.

"तू इकडे कशी, चिमे?"

घरून मी पानभर लिहून आणलं होतं. क्षमा, चूक, सगळं. चांगलं उतरलं होतं ते, मी दोनदा वाचून पाहिलं होतं. त्याच्या हातात दिलं. त्याने घडीही उघडली नाही, तशीच खिशात ठेवली.

"वाचायचा चष्मा घरी आहे," तो म्हणाला. "नंतर वाचतो. तू बोल ना."

त्याच्या नाकावर चष्मा होता. त्याला वाचायचं नव्हतं. माझी लाल शाई वर्षभर वाचून झाली होती त्याची, आता त्याला माझ्या तोंडून हवं होतं. म्हणजे ओरडून.

"तू नक्कल केली नव्हतीस," मी म्हटलं.

"काय?"

"नक्कल. तू केली नव्हतीस. मी चुकले." हे इतक्या मोठ्याने म्हणावं लागलं की शेजारच्या किल्लीवाल्याची कानस थांबली आणि तो दारात येऊन उभा राहिला.

"ते मला माहीत आहे," दादा म्हणाला. "मीच सोडवलं ना ते."

"लहानपणीही. बाबांनी मला विचारलं होतं तेव्हा. तेव्हाही मीच."

त्याने मोगरी खाली ठेवली. "तुझ्या वहिनीच्या पोटात काही राहत नाही." मग थोडा वेळ तो पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "ते सोड. अकरा वर्षांची पोर होतीस. तुला काय कळत होतं? त्याचा राग मी एक दिवससुद्धा धरला नाही, खरं सांगतो."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "आता तू बासष्टची आहेस."

एखाद्या नळाचं माप सांगावं तसं त्याने ते सांगितलं आणि मोगरी उचलून कड वळवायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बघितलं असेल, पण कड पुरी होईपर्यंत तो थांबला नाही. तिथून उठून जावं असं फार वाटलं. गेले नाही, एवढंच काय ते मी त्या दिवशी बरं केलं.

ठोकणं थांबल्यावर मी पुन्हा ओरडले. "परत सुरू कर, दादा. मी नीट बघीन. तू विचारशील त्याचं उत्तर देईन. मला नाही आलं तर शोधून देईन. माझ्यामुळे शिकणं सोडू नकोस."

"कुणी सोडलं?"

"वहिनी म्हणाल्या, टेबल आवरलंस. वही टाकायला दिलीस."

तो हसला. उठून भिंतीला टेकलेला एक मोठा पत्रा फिरवला. पत्र्याची मागची बाजू टोकदार खिळ्याने ओरखडून भरलेली होती. आकडे, त्रिकोण, खोडलेल्या ओळी, शेपटीचे सात. वरच्या कोपऱ्यात पाण्याची एक टाकी काढलेली होती, तळाला भोक. शेजारी लिहिलं होतं, 'टाकी गळते. रोज ३ लिटर उणे. दोन दिवस मागे जा, म्हणजे उणे २. तेव्हा टाकीत पाणी किती? ६ लिटर जास्त. म्हणून अधिक.'

मी ते तीनदा वाचलं. 'पुढे चला' लिहून मी जिथून त्याला हाकललं होतं, तिथेच तो थांबून राहिला होता आणि त्याने ते एका गळक्या टाकीतून सोडवलं होतं. जन्मभर टाक्यांची भोकं बुजवणाऱ्या माणसाला ते दिसलं. आता माझ्याकडे येणाऱ्या एखाद्या मुलीने विचारलं तर मलाही सांगता येणार होतं, आणि ते मला दादाने शिकवलेलं असणार होतं.

"शिकणं कुठे सोडलं?" दादा म्हणाला. "तुला दाखवणं सोडलं."

मी मान हलवली.

पत्र्याच्या खालच्या बाजूला नवीन काहीतरी अर्धवट मांडलेलं दिसत होतं. कसलासा त्रिकोण आणि त्याच्या आत दुसरा. तो त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि मला वाटतं मी इथे आहे हे विसरून खिळा उचलला. काय करतोय ते बघायला मी वाकले. त्याच क्षणी त्याचा डावा हात आडवा येऊन त्या आकड्यांवर पडला. कोपरापासून मनगटापर्यंत, सगळं झाकून. परीक्षेत बाई बाकाजवळून गेल्या की मुलं टाकतात, तसा.

त्याने ते जाणूनबुजून केलं नव्हतं. त्याने वर बघितलंही नाही. हाताने आपणहून केलं. पांढरे केस, पत्र्याच्या जुन्या ओरखड्यांनी भरलेला सदुसष्ट वर्षांचा हात. असे किती हात मी आजवर बाजूला सारले असतील. हात उचल, काय लपवतोयस, असं म्हणून. एकदाही मला वाटलं नव्हतं की त्या हाताखाली चोरीखेरीज दुसरं काही असू शकेल.

मी स्टूल उचललं, दाराकडे तोंड केलं आणि पत्र्याकडे पाठ करून बसले. समोर किल्लीवाला. बाईंना वर्गाबाहेर का बसवलंय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दिसू दे म्हटलं.

जरा वेळाने मागून खिळा ओरखडल्याचा आवाज सुरू झाला. थांबला, पुन्हा सुरू झाला, मग बराच वेळ थांबला.

"चिमे," दादा म्हणाला. "पुस्तकात ज्याला कर्ण म्हणतात, ती आपली तिरकीच ना?"

दादाला ऐकू जायला हवं असेल तर त्याच्या तोंडासमोर जाऊन बोलावं लागतं. त्यासाठी मला वळावं लागलं असतं, आणि वळले असते तर तो हात पुन्हा आडवा आला असता.

"हो," मी दाराकडे बघतच, जीव खाऊन ओरडले. किल्लीवाल्याने मान डोलावली. गल्लीतले दोघं-तिघं वळून बघायला लागले. दादाला ऐकू गेलं की नाही, ते मी वळून पाहिलं नाही.